लाल बसची वाकडी रेघ

मी जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. तरी आमच्या आंधळगावात तीन वर्षं मी दारुड्या होतो, अन् ही बातमी गावाला दुसऱ्या कोणी नाही, मी स्वतः दिली होती. पानठेल्यावर, दिवसाउजेडी, चार माणसांदेखत.

आधी कामधंदा सांगतो, म्हणजे माझी पंचाईत लक्षात येईल. मी वरठीला पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवतो. रोज मोटारसायकलनं मोहाडीवरून जायचं, जिना चढून वरच्या केबिनमध्ये बसायचं अन् खालचा माल उचलून इकडचा तिकडं ठेवायचा. माल टनांत असतो अन् ठेवायची जागा वितीत. हात जरा हलला तर खाली उभ्या असलेल्याचं काही खरं नाही. माझा हात हलत नाही. नवीन पोरं कामावर लागली की जुने लोक त्यांना वर बोट करून मला दाखवतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही, पण बोट दिसतं, अन् तेवढ्यावर माझा दिवस बरा जातो.

असा हा माणूस घरी येतो, हातपाय धुतो, चहा घेतो अन् मागच्या वाडीत धानाच्या तणसीच्या ढिगाआड, टिनाच्या शेडमध्ये बसून खेळण्यातल्या मोटारी रंगवतो. जुन्या, धातूच्या, बोटाएवढ्या मोटारी. प्लास्टिकच्या नाही. त्या गाडीला हातात वजन पाहिजे, नाहीतर मग काडेपेटीच रंगवा ना.

सुरुवात कारखान्याच्या फाटकाबाहेर झाली. चहाच्या टपरीवर एक भंगारवाला सायकल टेकवून उभा होता अन् त्याच्या पोत्यातून एक लॉरी डोकावत होती. रंग उडालेला, टप चेपलेला, पुढचा आस वाकलेला. पुढं मग ज्याला ज्याला कळलं त्यानं विचारलं, लहानपणी खेळणी मिळाली नाहीत म्हणून आता हौस फेडता का. काही नाही हो. लहानपणी माझ्याकडे चाकं लावलेला लाकडी नंदी होता, तान्ह्या पोळ्याला मी तो झेंडूची माळ घालून मिरवला, घरोघरचा खाऊ खाल्ला, मन भरलं. मला फक्त वाकडं बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं असेल तर मी परक्या घरातही उठून सरळ करतो. तो वाकडा आस दिसला अन् माझी बोटं शिवशिवायला लागली. मी लॉरी मागितली तेव्हा भंगारवाल्यानं विचारलं, नातवासाठी का. मी हो म्हणून टाकलं. नातू तर सोडा, घरात तेव्हा जावईसुद्धा नव्हता. या प्रकरणातलं माझं पहिलं खोटं ते.

गाडी दुरुस्त करायची म्हणजे आधी ती पुरती मोडावी लागते. तिच्या पोटाखाली दोन रिवेट असतात. त्यांची डोकी बारीक ड्रिलनं उडवली की पाठ अन् पोट वेगळं होतं. मग जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी. पहिल्या वेळी मला अक्कल नव्हती. बायकोच्या दुधाच्या गंजात पाणी ठेवलं, सोडा टाकला, लॉरी सोडली. गंज जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. तो असा फसफसला की फेस चुलीवर आला अन् गंज आतून काळाकुट्ट झाला. बायको धावत आली, तिनं आत वाकून पाहिलं अन् मला एवढंच विचारलं, की हे शिजल्यावर कोणाला वाढायचं आहे. त्यानंतर तो गंज कायमचा शेडमध्ये आला, अन् दुधासाठी मी निमूटपणे स्टीलचा नवा आणला.

हळूहळू हात बसला. आस म्हणून सायकलचा स्पोक कापायचा. टायर म्हणून सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, कांद्याच्या चकत्या पाडाव्यात तशी कापून. समोरची काच नव्या शर्टाच्या डब्याच्या प्लास्टिकची. मागच्या लाल दिव्यांसाठी पोरीचं नेलपॉलिश. ते ती आधी शोधत बसायची, मग तिनं एक बाटली माझ्या नावानं वेगळीच आणून ठेवली अन् त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ही माझी एकुलती एक पोरगी, तुमसरला एका लॅबमध्ये रक्त तपासते, अन् बोलते कमीच.

अन् या सगळ्याला लागतं थिनर. रंग पातळ करायला थिनर, ब्रश धुवायला थिनर, बोटं पुसायला थिनर. माझ्या शर्टाला थिनर, मिशीला थिनर. त्या वासानं घात केला.

झालं असं, की एकदा संध्याकाळी शेडमधून उठून मी तसाच सुपारी घ्यायला पानठेल्यावर गेलो. पानठेलेवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. त्यानं हात थांबवला, नाक वर केलं अन् माझ्याजवळ झुकून, अगदी आपुलकीनं विचारलं, "काहून भाऊ, आजकाल घेऊन राहिले काय?"

बाजूला आमच्याच पाळीतले तिघं उभे होते. माझ्या खिशात त्या वेळी एक लाल बस होती, रंग वाळला का हे घटकाघटकाला चाचपता यावं म्हणून बरोबर घेतलेली. आता खरं सांगायचं म्हणजे बस काढून दाखवायची. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तीच बोटं वर झाली असती, पण वेगळ्या कारणानं. क्रेनवाला घरी गाड्या गाड्या खेळतो. सायरन वाजल्यावर कोणीतरी तोंडानं पोंऽ पोंऽ केलं असतं. मला ते सगळं अर्ध्या क्षणात दिसलं अन् मी म्हणालो, "हो, थोडी थोडी."

काय सांगू, माझी इज्जत वाढली. इतकी वर्षं माझ्याशी न बोललेली माणसं मला भाऊ म्हणायला लागली. एकानं लिंबाचं लोणचं चाटत जा असा सल्ला दिला. एकानं मोहफुलाची अन् बाटलीतली यांतला फरक असा समजावून सांगितला, की मी सुपारी हातात धरून तसाच उभा राहिलो. कारखान्यात फोरमननं बाजूला घेऊन विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. कामावर मी कधी वास मारत आलो नव्हतो, म्हणून तो उलट माझ्या संयमाचंच कौतुक करत होता.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून घेईल असं मला वाटलं होतं. तिनं थोडा विचार केला अन् म्हणाली, राहू द्या. तिचा हिशेब साधा होता. नवरा पितो म्हटलं तर चार बाया जवळ येऊन बसतात, धीर देतात, हळदीकुंकवाला आधी बोलावतात. नवरा मोटारी खेळतो म्हटलं तर त्याच बाया पदर तोंडाला लावून हसतील. पुढं तर बचत गटातल्या बायांनी दारूबंदीसाठी गावातल्या पिणाऱ्यांची यादी केली, तेव्हा माझं नाव तिसरं होतं. बायको त्या बैठकीत हजर होती अन् गप्प बसली. मला राग आला तो यादीचा नाही. ज्यांना गटारीतून उचलून आणावं लागतं अशी दोन माणसं माझ्या खाली होती. त्यांच्याही वर माझं नाव कसं, असं मी तिला बोललोसुद्धा.

तीन वर्षं असं बरं चाललं. मग पोरीची सोयरीक आली.

ती आणली माझ्या साडूनं, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यानं. मुलगा आंबागडचा, किल्ल्याखालच्या गावातला. वनरक्षक, नोकरी पक्की, घरी धानाची शेती. फोटो गेले, फोटो आले. दोघं फोनवर तीन-चारदा बोलले. पोरगी काही सांगणाऱ्यातली नाही, पण ती भांडी घासताना गुणगुणायला लागली, हे तिच्या आईनं हेरलं. शेवटी आईनं विचारलं तेव्हा ती खाली न पाहता सरळ म्हणाली, की मुलगा पसंत आहे. आमच्या घरात एवढं मोठं वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती. ते लोक रविवारी पाहायला येणार असं ठरलं अन् बायकोनं चिवड्यासाठी पोहे वाळत घातले.

शुक्रवारी साडूचा फोन आला. आमच्याकडे सोयरीक करायच्या आधी माणसं गावात येऊन गुपचूप चौकशी करतात. अन् चौकशी करायची जागा म्हणजे पानठेला. मुलाचा मामा येऊन खर्रा घेऊन गेला होता. पानठेलेवाल्यानं माझी बाजू घेऊनच सांगितलं म्हणे, की माणूस लाखात एक आहे, पण रोज संध्याकाळी तणसीमागं बसते, बाटली घेऊन. ते ऐकून मुलाच्या बापानं नकार कळवला होता. त्याचा मोठा भाऊ दारूनं गेला होता. पिणाऱ्याच्या घरची पोरगी तो आणणार नव्हता.

पोरगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. वाळत घातलेले पोहे गोळा करून तिनं डब्यात भरले अन् आत गेली. त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. अरे बोल ना, ओरड ना माझ्यावर, असं मला होत होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी तडक पानठेल्यावर गेलो अन् जाहीर केलं, की मी पीत नाही, कधीच प्यालो नाही. पानठेलेवाल्यानं मान हलवली. सगळे असंच म्हणतात, असं तो म्हणाला, अन् पहिले काही दिवस फार जड जातात, तेव्हा धीर सोडू नका, असंही म्हणाला. मी जितकं जोरानं नाही म्हणत होतो तितकी बाकीच्यांची खात्री होत होती. तिथंच मला कळून चुकलं, की माझ्याजवळ एकच पुरावा आहे अन् तो खेळण्याचा आहे.

रविवारी सकाळी मी लाडवाचा मोठा डबा काढला. एकतीस मोटारी पोरीच्या जुन्या ओढणीच्या चिंध्यांत गुंडाळून आत भरल्या, वर ब्रश, रंगाच्या बाटल्या अन् थिनर. बायकोनं डबा मागच्या सीटवर सुतळीनं बांधला. पोरीचा बाप बोलावणं नसताना पोराच्या घरी जातो, अन् तेही खेळणी घेऊन, हे कोणत्या रीतीत बसतं, असं तिनं विचारलं. मी किक मारली.

तुमसरच्या पुढं रस्ता असा होता की डब्यात एकतीस मोटारींची टक्कर होत होती अन् दर खड्ड्याला मी एक हात मागं नेऊन डबा चाचपत होतो. एका झाडाखाली थांबून मी डबा उघडला. सगळ्या बऱ्या होत्या, फक्त त्या लाल बसची एका बाजूची पिवळी रेघ घासून गेली होती. थिनरची बाटली झाकणातून पाझरली होती. ती पुसता पुसता अर्धी माझ्या बाहीवर सांडली.

मुलाचे वडील अंगणात बाजेवर बसले होते. उंच, वाळकं माणूस. मी ओळख सांगितली तेव्हा ते उठून दोन पावलं पुढं आले, अन् थांबले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"दुपारीच?" ते म्हणाले.

मी तोंडानं समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. पानठेल्यानं मला ते शिकवलं होतं. बाजेवर डबा ठेवला, एकेक चिंधी सोडली अन् मोटारी ओळीनं मांडत गेलो. लॉरी, टँकर, टॅक्सी, जीप, आग विझवायची गाडी, बस. मुलाची आई पदराला हात पुसत बाहेर आली. मामा आला, तोच चौकशीवाला. शेजारची दोन-चार माणसं कुंपणाशी जमली. मुलगा ड्यूटीवरून नुकताच आला होता, तो खाकी कपड्यातच दारात उभा राहिला. मी सांगितलं, की तणसीमागं मी हे करतो, वास याचा आहे, अन् हसतील म्हणून मीच दारूचं नाव सांगितलं. एवढं बोलेपर्यंत माझे कान तापले होते. कुंपणाशी कोणीतरी हसलंच.

मुलाच्या वडिलांनी टँकर उचलला, उलटा केला, चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाले, की गाड्या छान आहेत, पण या तुम्हीच केल्या कशावरून, बाजारातून आणल्या असतील. त्यांची नजर त्या बसवर गेली. एका बाजूला पिवळी रेघ होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली अन् रेघ मारून दाखवायला सांगितलं.

मी मनात हसलो. बावा, सांगतोस कोणाला. मी बाटली उघडली, रंग पातळ केला, ब्रश बुडवला, डाव्या हातात बस धरली. अन् ब्रश टेकवायच्या आधी, का कोण जाणे, दारातल्या पोराकडे पाहिलं. तो माझ्या हाताकडे पाहत नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता, अगदी घाबरून. मला पोहे गोळा करणारी माझी पोरगी आठवली.

अन् हात कापायला लागला.

पंचवीस वर्षांत जो हात वितीच्या जागेत टनांचा माल उतरवताना हलला नाही, तो तीन केसांचा ब्रश धरून लटलट कापत होता. मी ब्रश टेकवला. रेघ निघाली अन् नाल्यासारखी वळत वळत खिडकीत शिरली. मामानं मुलाच्या वडिलांकडे अर्थ भरलेल्या नजरेनं पाहिलं.

"हात कापून राहिला तुमचा," मुलाचे वडील म्हणाले.

थंडी आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. साखरेचं दुखणं आहे, असंही म्हणता आलं असतं. खोटं मला आता सहज सुचायला लागलं होतं. पण दोनदा खोटं बोलून मी इथवर आलो होतो अन् मला माझीच किळस आली.

"माह्या पोरीले तुमचा पोरगा पसंत आहे," मी म्हणालो. "दोन दिवस झाले, जेवून नाही राहिली. माह्यानं पायलं नाही जात. म्हणून कापून राहिला."

दारातला पोरगा आत निघून गेला. मुलाचे वडील बाजेच्या कडेला बसले, मोटारी सरकवून. मग हळू आवाजात बोलले.

"माहा भाऊ पेत होता, त्याचाही हात कापे. काहून म्हटलं तं थंडी म्हणे, साखर म्हणे, झोप नाही झाली म्हणे. त्यालेही पोरगी होती. तिचं नाव त्यानं एकदाबी नाही घेतलं."

ते उठले, माझ्या बाहीशी वाकून त्यांनी पुन्हा वास घेतला, या वेळी नीट, अन् हा दारूचा नाही, अशी मान हलवली. मग आत आवाज दिला, की पाहुण्यांसाठी चहा मांडा. तोवर मला फक्त पाणी मिळालं होतं. मामानं न विचारता जीप उचलली अन् बाजेच्या लाकडावर फिरवून पाहिली.

उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवात माझ्या व्याह्यांनी येईल त्या पाहुण्याला माझी ओळख मोटारी रंगवणारे म्हणूनच करून दिली. कारखान्यात सायरनला पोंऽ पोंऽ झालं, महिनाभर झालं, मग थकले. एकानं तर आपल्या घरची खेळण्यातली मोडकी रुग्णवाहिका दुरुस्तीला आणून दिली अन् कोणाला सांगू नका म्हणाला.

आंधळगावात मात्र कोणी काही मानायला तयार नाही. तिथं पक्कं ठरलं आहे, की मी पोरीच्या लग्नासाठी दारू सोडली अन् हाताला चाळा म्हणून खेळणी धरली. बचत गटातल्या बायांनी मला बोलावून शाल अन् नारळ दिला. बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी शाल घेतली. तिसऱ्या नंबरावरून नाव कटलं, तेवढ्यातच मी खुश होतो.

मोटारी घरीच आहेत, शेडमधल्या फळीवर, तीस. एकतिसावी, ती लाल बस, आंबागडला पोरीच्या घरी टीव्हीवर असते. मांडलेली अशी असते की वाकडी रेघच समोर येते. मी जातो तेव्हा चहा घेताना माझी नजर तिच्यावर अन् बोटं शिवशिवतात. मागच्या वेळी मी खिशात ब्रश अन् थोडं थिनर घेऊनच गेलो होतो. पोरगी आत गेलेली पाहून बस उचलली, फडक्यावर थिनर घेतलं. वास आतपर्यंत गेला असणार. ती बाहेर आली, माझ्या हातातून बस काढून घेतली अन् होती तशी, वाकडी बाजू पुढं करून, ठेवून दिली.

"बाबा, घरच्या साऱ्या सरळ करा," ती म्हणाली. "ही एवढी माही आहे."